दम मारल्यानं दम येत नाही, दोस्तांनो

दोस्तांनो, आज मी शत्रूला शिव्या घालणार नाही. त्याला घालायच्या त्या आपण रोजच घालतो. आज मी तुमच्याच खिशात हात घालणार आहे. त्या खिशात बाबासाहेबांचा छोटा फोटो आहे, लोकलचा पास आहे आणि प्लॅस्टिकच्या पुडीत चिमूटभर गांजा आहे. ती पुडी मला सगळ्यांच्या देखत बाहेर काढून ठेवायचीय. राग आला तर येऊ द्या. मलाही स्वतःचा राग आलेला आहे, तो कशासाठी ते पुढं सांगतो.

मी घोडपदेवचा. जन्म इथला, खोली इथली. एका अंगाला भायखळा, दुसऱ्या अंगाला रे रोड आणि कॉटन ग्रीन, त्याच्या पलीकडं दारूखाना आणि बंदर. माझ्या लहानपणी इथं गिरणीचा भोंगा वाजायचा. आता न्यू हिंद मिलच्या जागेवर गिरणी कामगारांच्या घरांचे टॉवर उभे आहेत. ज्यांना घर लागलं ते वर गेले, ज्यांना नाही लागलं ते खालून वर बघतात. टॉवरच्या सावलीत, ढाकू प्रभूच्या वाडीपासून फेरबंदरपर्यंत, पोरं नाक्यावर उभी असतात. अंधार पडला की त्यातली काही दिसेनाशी होतात. कुठं जातात ते सगळ्यांना माहीत आहे. वास येतो.

आमच्या गल्लीतला एक पोरगा. नाव लिहीत नाही, विचारूही नका. वय 17. दहावीला 85 टक्के. गल्लीत बॅनर लागला होता त्याचा, वर बुद्ध, बाबासाहेब, खाली हा, भित्र्या डोळ्यांचा. मागच्या पावसाळ्यात एका रात्री त्याची आई माझ्या दारात आली. म्हणाली, ‘भाऊ, जरा वर या. पोरगं चार दिस झोपलं नाय. म्हणतं खालची माणसं माझ्यावर बोलतायत.’

मी वर गेलो. 180 फुटांची खोली, माणसं सहा. पोरानं खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलं होतं. मोबाईल पाण्याच्या पिंपात टाकला होता. मला म्हणाला, ‘काका, हळू बोला. त्यांनी मला विकलंय. माझं नाव ग्रुपवर फिरतंय.’ मी म्हटलं, ‘कोण फिरवतंय रे? तुला कोण विकत घेणार?’ आणि हसलो. तो हसला नाही. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मीही त्यांच्यातलाच आहे. ते बघणं अजून माझ्या पाठीवर आहे.

नंतर कळलं ते असं. चौदाव्या वर्षापासून ओढत होता. पहिल्यांदा पंधरवड्यातून एकदा. अकरावीला कॉलेजात गेल्यावर आठवड्यातून दोनदा. बारावीला क्लासची फी थकली, बापाचं कंत्राटाचं काम सुटलं, तेव्हापासून रोज. एकदा अभ्यासाला बसण्याआधी, एकदा झोपण्याआधी. ‘डोकं शांत होतं’ म्हणून.

आणि पहिला दम कुणी दिला? कुठल्या गुंडानं नाही, कुठल्या विलायती पेडलरनं नाही. आपल्याच एका कार्यकर्त्यानं दिला. जयंतीच्या मंडपात, रात्री खांब बांधून झाल्यावर. ‘घे रे, थकवा जातो,’ म्हणून. चौदा वर्षांच्या पोराला! आणि दोस्तांनो, मला हे वर्षभर आधी माहीत होतं. बंद गोडाऊनच्या भिंतीमागं मी त्याला पाहिलं होतं. मी काय केलं? ‘जपून रे,’ एवढंच म्हटलं आणि पुढं गेलो. मला सभेला उशीर होत होता. सभेचा विषय होता तरुणांपुढची आव्हानं.

हा माझा राग. आता तुमच्याकडं येतो.

तुम्ही म्हणता, गांजानं टेन्शन जातं. मी खोटं म्हणणार नाही. पहिल्या दमाला जातं. नसतं गेलं तर कोण ओढलं असतं? पण ते कसं जातं आणि कुठं जातं ते बघा. आपल्या मेंदूत स्वतःचाच एक माल तयार होत असतो. 1992 साली जेरुसलेमच्या शास्त्रज्ञांनी तो शोधला आणि त्याला नाव दिलं आनंदामाइड. आपल्याच ‘आनंद’ शब्दावरून. ताण आला, भीती वाटली, की शरीर पेटतं. छाती धडधडते, झोप उडते. काम झालं की ही आग विझवायला शरीराचा हा स्वतःचा बंदोबस्त पुढं येतो. गांजातला टीएचसी हा पदार्थ बाहेरून येऊन त्याच जागा अडवतो आणि सगळी आग एका झटक्यात विझल्यासारखी वाटते. पण रोज बाहेरून पाणी आलं की आतला बंदोबस्त सुस्तावतो. मेंदूतल्या त्या जागाच कमी होत जातात. मग एक दिवस पुडी मिळाली नाही की आग दुप्पट दिसते. झोप येत नाही, भूक लागत नाही, आईवर ओरडावंसं वाटतं, घाम फुटतो, विचित्र स्वप्नं पडतात. पोरगं म्हणतं, ‘बघा, किती टेन्शन आहे मला, म्हणून ओढतो.’ अरे, त्यातलं निम्मं टेन्शन परीक्षेचं आणि निम्मं कालच्या पुडीचं! हे त्याला कळत नाही, कारण दोन्ही छातीत एकाच जागी दुखतात.

आपल्या बापजाद्यांना सावकार माहीत होता. अडल्या वेळी पैसे तोच द्यायचा. त्या दिवशी तो देवमाणूस वाटायचा. वर्षाच्या शेवटी जमीन जायची. गांजाचा हिशेब तसाच आहे. आज उचल, उद्या व्याज. मुद्दल तसंच.

आणि उचल तरी किती घ्यायची हे कुणाच्या हातात आहे? 2017 साली शिकागोत एक प्रयोग झाला. 42 मोठ्या माणसांना लोकांपुढं भाषण करायला, गणितं सोडवायला लावलं. ज्यांना आधी साडेसात मिलिग्रॅम टीएचसी दिलं त्यांचा ताण जरा कमी झाला. ज्यांना साडेबारा दिलं त्यांना उलट जास्त वाईट वाटलं, काम बिघडलं. फरक फक्त 5 मिलिग्रॅमचा! तुझ्या पुडीवर मिलिग्रॅम छापलेले असतात का रे? माल कुठला, कशात घोळलेला, काल आला की महिन्यानं आला, काही पत्ता नाही. त्यात आता बँकॉकहून येणारा हायड्रोपोनिक गांजा. गेल्या काही वर्षांत कस्टमवाल्यांनी तो मुंबईच्या विमानतळावर कितीदा तरी पकडला. सापडला तो सापडला. नाही सापडला तो ‘हायड्रो’ म्हणून कुठल्या तरी नाक्यावर पोचतो. त्याचा जोर आपल्या आजोबांच्या चिलमीतल्या मालाच्या कितीतरी पट.

आता वयाचा मुद्दा. हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे. पन्नास वर्षांच्या हमालानं दमून भागून चिलीम ओढणं आणि पंधरा वर्षांच्या पोरानं ओढणं ही एकच गोष्ट नव्हे. माणसाचा मेंदू पंचविशीच्या आसपासपर्यंत बांधला जात असतो. सगळ्यात शेवटी बांधला जातो तो पुढचा भाग, जो म्हणतो, ‘थांब, विचार कर.’ स्लॅब ओली असताना तिच्यावर नाचलं की काय होतं ते आपल्यातल्या बिगाऱ्याला विचारा. न्यूझीलंडमधल्या डनेडिन गावात 1972-73 साली जन्मलेल्या हजारभर पोरांचा अभ्यास त्यांच्या जन्मापासून चालू आहे. 2002 साली त्यातून निघालेली गोष्ट अशी: पंधराव्या वर्षापर्यंत ज्यांनी गांजा सुरू केला होता त्यांच्यातल्या सुमारे 10 टक्के पोरांना सव्विसाव्या वर्षी भास होणं, संशय येणं असल्या गंभीर आजाराची लक्षणं दिसली. ज्यांनी ओढला नव्हता त्यांच्यात 3 टक्के. 2019 साली 11 अभ्यासांतल्या 23,317 माणसांची माहिती एकत्र केली गेली. किशोरवयात गांजा ओढणाऱ्यांत पुढं खोल उदासी येण्याची शक्यता वाढलेली होती, आणि जीव द्यायचा प्रयत्न करण्याची शक्यता तिपटीहून जास्त. नुसत्या घबराटीशी संबंध मात्र त्या आकड्यांत ठामपणे दिसला नाही. जे आहे ते सांगतो, नाही ते फुगवत नाही.

आणि हेही सांगतो. ओढणारा प्रत्येक जण वेडा होत नाही. दहातले नऊ होत नाहीत, असंही तोच डनेडिनचा आकडा सांगतो. काही पोरं आधीच आतून फाटलेली असतात म्हणून गांजाकडं जातात, हेही खरं. ज्याच्या घरात, रक्ताच्या नात्यात असा आजार होऊन गेलाय त्याला धोका जास्त. पण आपल्या घरात असा आजार होता की नाही हे आपल्याला माहीत असतं का? आपल्याकडं त्याला ‘लागीर झालं’, ‘बाहेरचं झालं’ म्हणायचे आणि गावाकडं नेऊन बांधून ठेवायचे. तुझा एखादा चुलता असाच कुठं तरी बांधलेला मेला असेल आणि तुला कुणी सांगितलंही नसेल. मग तू दहातला कितवा, हे कशावरून ठरवणार?

आता तुमचे वाद. नाक्यावर मी ते सगळे ऐकलेत.

एक म्हणतो, ‘दादा, हे नैसर्गिक आहे. झाडपाला आहे.’ धोतराही झाडपालाच आहे. ओढून बघ.

दुसरा पुस्तकं वाचलेला. तो म्हणतो, ‘इंग्रजांनीच 1893-94 साली कमिशन नेमलं होतं, त्यानं गांजाला निर्दोष सोडलं.’ बरोबर. हेम्प ड्रग्ज कमिशन. माफक वापरानं फारसं बिघडत नाही असं त्यानं म्हटलं, पण अतिरेक घातक असंही त्याच तोंडानं म्हटलं. ते पान तू उलटलं नाहीस. आणि कोवळ्या मेंदूत काय घडतं हे बघायची साधनंच तेव्हा कुणाकडं नव्हती. त्या कमिशननं एक गोष्ट मात्र लाख मोलाची दाखवली. वेड्यांच्या इस्पितळात येणाऱ्या माणसाच्या कागदावर कारण म्हणून डोळे झाकून ‘गांजा’ लिहिलं जायचं, बहुतेकदा पोलिसांच्या सांगण्यावरून. खरं कारण शोधायची कुणालाच गरज वाटत नव्हती. आज आपण तेच करतो. पोरगं बिघडलं, गंजेडी झालं, विषय संपला! त्याला झोप का येत नव्हती हे विचारायचं राहूनच जातं.

तिसरा म्हणतो, ‘परदेशात सगळीकडं मोकळीक दिलीय.’ कॅनडानं 17 ऑक्टोबर 2018 ला दिली, जर्मनीनं 1 एप्रिल 2024 ला. पण कुणाला? मोठ्या माणसांना. कॅनडात प्रांताप्रमाणं 18 किंवा 19 वर्षांच्या आत बंदी, क्वेबेकमध्ये 21. ज्यांनी दार उघडलं त्यांनीही पोरांसाठी कडी लावूनच उघडलं.

चौथा सगळ्यात धोक्याचा. तो कवी आहे. तो म्हणतो, ‘गांजा म्हणजे बंड. प्रस्थापितांच्या नाकावर टिच्चून ओढायचा.’ भावा, प्रस्थापिताला तुझ्या ओढण्यानं घंटा फरक पडत नाही. उलट तो खूश आहे. सतरा वर्षांचा महाराचा, मातंगाचा, चांभाराचा पोरगा भिंतीमागं बसून डोळे लाल करतोय, त्याचा फॉर्म भरायचा राहिलाय, त्याची स्कॉलरशिप बुडालीय, त्याला मोर्चाला यायचा कंटाळा येतोय. व्यवस्थेला आणखी काय पाहिजे? तिनं लाठी न उचलता काम झालं. बंड करायला जागं राहावं लागतं रे.

मी हे संतपणानं बोलत नाही. मीही ओढलाय. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला. पुतळ्याची विटंबना झाली म्हणून रस्त्यावर आलेली आपली दहा माणसं मेली. मी बाविशीत होतो. तिथून परत आलो आणि डोळे मिटले की रस्त्यावरच्या चपला दिसायच्या. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतल्याची बातमी आली. ज्याचं गाणं ऐकून आम्ही उभे राहायचो तो माणूस गेला. त्या पावसाळ्यात मी रोज रात्री ओढायचो. झोप लागायची. दिवाळीपर्यंत अशी गत झाली की ओढल्याशिवाय झोपच लागेना, आणि ओढला की चपला आणखी जवळून दिसायच्या. मला चळवळीतल्या एकाही माणसानं विचारलं नाही की तू झोपतोस का. मीही कुणाला विचारलं नाही. आम्ही एकमेकांना विचारायचो, पत्रकं छापून झाली का?

आपल्या चळवळीनं आपल्याला ओरडायला शिकवलं. त्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. पण आतलं बोलायला नाही शिकवलं. ‘पँथर रडत नसतो’ असं आपणच आपल्याला सांगितलं. मग न रडलेलं सगळं कुठं जाणार? बाटलीत गेलं, पुडीत गेलं. 1982 च्या संपानंतर माझा बाप खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहायचा. 18 जानेवारीला सुरू झालेला संप, अडीच लाख कामगार बाहेर, आणि तो संप कधी संपला हे शेवटपर्यंत कुणी जाहीरच केलं नाही. गिरण्या गेल्या आणि त्याच दशकात मुंबईत गर्द आला. माझा मोठा चुलतभाऊ त्यात गेला. संडासाच्या रांगेजवळ सापडला. लोक म्हणाले, गर्दुल्ला मेला. बेकारानं पोखरलेला पोरगा मेला असं कुणी म्हटलं नाही. गांजा म्हणजे गर्द नव्हे, मला फरक कळतो. पण पोरगं पुडीकडं जातं तो रस्ता एकच आहे.

तो रस्ता बंद करायचा तर ताण येतो कुठून ते बघा. 180 फुटांत सहा माणसं, अभ्यासाला मोरीच्या कट्ट्यावर जागा. बापाचं काम कंत्राटी, आज आहे उद्या नाही. कॉलेजात आडनाव विचारलं जातं, मग मार्क विचारले जातात, मग ‘कॅटेगरीतून का?’ रोहित वेमुला 2016, पायल तडवी 2019, दर्शन सोळंकी 2023. ही नावं आपण बॅनरवर लावली. पण आपल्याच गल्लीत रात्री जागं असणारं पोरगं आपल्याला दिसलं नाही. एकट्या 2022 सालात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी जीव दिला, हा सरकारी आकडा आहे. बॅनरला तेवढं कापड पुरणार नाही.

मग यावर सरकारचं औषध काय? पोलीस! 1985 च्या कायद्यात गांजा ओढला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भांगेची पानं मात्र त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत. झाड एकच, पण सणाला पितात ती संस्कृती आणि नाक्यावर ओढतात तो गुन्हा. ‘विधी’ नावाच्या कायदा अभ्यासणाऱ्या संस्थेनं 2020 साली मुंबईतले निकाल तपासले. 2017 आणि 2018 या दोन वर्षांत दंडाधिकाऱ्यांसमोर निकाली निघालेले दहा हजारांहून जास्त खटले. त्यातले बहुतेक गांजा-चरसचे. पकडलेले बहुतेक रोजंदारीवर जगणारे, झोपडपट्टीत नाही तर फुटपाथवर राहणारे. गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, सुटायचं. वकील नाही, वाद नाही. 2021 साली क्रूझवरच्या धाडीत एका मोठ्या नटाच्या पोराला पकडलं तेव्हा हायकोर्टात देशातले बडे वकील उभे राहिले आणि मे 2022 मध्ये पुराव्याअभावी त्याचं नाव वगळलं गेलं. पुरावा नव्हता, सुटला, बरोबरच झालं. मला एवढंच विचारायचंय की फेरबंदरच्या पोरासाठी पुरावा कोण तपासतो?

आमच्या त्या पोराचं काय झालं ते सांगतो. आधी मामानं पट्ट्यानं मारलं. मग कुणीतरी भगताकडं नेलं, त्यानं कोंबडं मागितलं. एक शेजारी म्हणाला, पोलीस चौकीत बसवा दोन दिवस, अक्कल येईल. शेवटी आम्ही त्याला सरकारी हॉस्पिटलात नेलं. केसपेपरच्या रांगेत तीन तास. आई रांगेत तोंडावर पदर धरून उभी, ओळखीचं कुणी बघू नये म्हणून. पाय मोडला असता तर पदर धरला असता का? डॉक्टरला आमच्यासाठी पाच-सात मिनिटं मिळाली असतील. पण तेवढ्यात तिनं तीन गोष्टी सांगितल्या. गांजा पूर्ण बंद, गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत, आणि मारहाण बंद. मामाकडं बघून म्हणाली, ‘ह्याला पट्ट्यानं ऐकू येणं थांबणार आहे का?’

तीन आठवड्यांनी आवाज कमी झाले. दोन महिन्यांनी बंद झाले. बारावीचं वर्ष गेलं. गोळ्या चालू आहेत, वजन वाढलंय, पूर्वीसारखं पटकन बोलत नाही. पण परवा मला जिन्यात भेटला आणि म्हणाला, ‘काका, खिडकी उघडली मी.’ एवढंच. तुमच्या सगळ्या क्रांतिकारी कवितांपेक्षा मला ते वाक्य मोठं वाटलं.

सगळ्यांचं असं होईलच असं नाही. पण एक लक्षात ठेवा, बंद केल्यावर पहिले एक-दोन आठवडे वाईट जातात आणि नंतर काही आठवड्यांत मेंदूतल्या त्या सुस्तावलेल्या जागा बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. ते पहिले पंधरा दिवस पोराजवळ कुणीतरी बसायला पाहिजे. उपदेश करायला नाही, नुसतं बसायला. रात्री.

आता काम. नुसतं वाचून पान उलटू नका.

पहिलं. अठराच्या आतल्या पोराच्या आसपास पुडी दिसता कामा नये. जयंतीच्या मंडपात नाही, मोर्चात नाही, कवितावाचनाच्या मागच्या खोलीत नाही. जो देईल तो कितीही जुना कार्यकर्ता असो, त्याला कमिटीतून काढा. 2015 च्या बालन्याय कायद्यात पोराला नशेचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. त्या आमच्या कार्यकर्त्याला आम्ही काढलं. तो म्हणाला, ‘मी त्याला प्रेमानं दिला होता.’ खरं असेल. म्हणूनच जास्त भीती वाटते.

दुसरं. ओढणाऱ्या पोराला पोलिसाच्या हवाली करू नका. अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं, हे पाठ करा आणि वेळ आली तर चौकीत ठणकावून सांगा. व्यसनी माणूस आपणहून उपचाराला गेला तर 1985 च्याच कायद्याच्या कलम 64-अ नुसार त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा हक्क दिलाय. हक्क म्हटल्यावर आपल्याला जरा जोर येतो ना? मग घ्या.

तिसरं. जे. जे., नायर, केईएम, तिन्ही आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. तिन्हीकडं मनाच्या आजाराची ओपीडी आहे. पोराला भास होत असतील, तो रात्र-रात्र जागत असेल, सगळ्यांवर संशय घेत असेल, मरणाची भाषा करत असेल, तर त्याच दिवशी न्या. 14416 हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर, 14446 व्यसनाचा. फुकट आहेत. विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा.

चौथं. विहार रात्री बारापर्यंत उघडं ठेवा. दिवा, पंखा, चार टेबलं. ज्याच्या खोलीत जागा नाही त्यानं तिथं अभ्यास करावा. आणि कुणीतरी मोठ्यानं तिथं बसावं, आणि मधूनच विचारावं, ‘झोप लागते का रे?’ पंचशीलातलं पाचवं शील आपण दर रविवारी म्हणतो. बावीस प्रतिज्ञांतली दारूची प्रतिज्ञा पाठ आहे. त्या पोरांच्या डोक्यात मारायला वापरू नका. बाबासाहेबांनी आपल्याला शुद्धीवर राहायला सांगितलं ते आपलं डोकं हीच आपली एकमेव जमीन आहे म्हणून. सातबारा कुणाच्याच नावावर नव्हता. डोकं होतं. त्यावरच हा माणूस उभा राहिला.

2019 च्या सरकारी पाहणीप्रमाणं देशात 10 ते 17 वयाची सुमारे वीस लाख पोरं गांजा, चरस, भांग यातलं काहीतरी घेतात. वीस लाख हा आकडा मला पेलत नाही. मला एक पोरगा दिसतो, फटीत कागद कोंबणारा. मी त्याला ‘जपून रे’ म्हणून पुढं गेलो होतो. तुम्ही जाऊ नका. आज रात्री नाक्यावरून जाताना थांबा. त्याच्या हातातलं हिसकावू नका, शिवी देऊ नका. शेजारी बसा आणि विचारा. उत्तर लगेच येणार नाही. बसून राहा.

जय भीम.